शेक घेतला, व्यायाम राहिला

"किती झाली तुमची?"

"आज आठवी. दहाचं पॅकेज घेतलंय. तुमची?"

"माझं हे तिसरं पॅकेज."

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही फिजिओथेरपी सेंटरच्या बाकड्यावर बसा, हे संभाषण हमखास कानावर येतं. गुडघे, कंबर, मान, खांदा. बाकावर आपण बायकाच जास्त. पुरुष असलाच तर स्कूटरवरून पडलेला, नाहीतर बायकोला घेऊन आलेला. मीही त्या बाकावर पुष्कळ बसले आहे, सासूबाईंना घेऊन. आईंचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे धरलेले, त्यात उजवा जास्त. आत गेलं की एक मुलगी पडदा ओढून घ्यायची, आईंना कॉटवर झोपवायची, गुडघ्यावर ओल्या पट्ट्या बांधून मशीन सुरू करायची. दहा मिनिटं मुंग्यांसारखा करंट, मग थंडगार जेल लावून गोल गोल फिरवायचं ते दुसरं मशीन, शेवटी शेक. की झालं. बाहेर आल्या की आई म्हणायच्या, "बरं वाटलं हो जरा." संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला उठताना पुन्हा "आई गं" सुरू.

एका सिटिंगचे तीनशे रुपये, रिक्षाचे जाऊन-येऊन साठ. वीस सिटिंग झाल्या. हिशोब तुम्हीच करा.

दिवाळीत माझी भाची आली. नणंदेची मुलगी, नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. घरातल्या माणसाला घरातल्याच डॉक्टरची किंमत नसते, तसं आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. तिनं आजीला जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजी, हात छातीवर घे आणि न धरता ऊठ, परत बस. मी थांब म्हणेपर्यंत." मोबाईलवर तीस सेकंद लावली. आई सहा वेळा उठल्या आणि धापा टाकत बसल्या.

"आता सांग, त्या सेंटरमध्ये तुला व्यायाम कोणता शिकवला?"

"कागद दिलाय की."

कागद होता खरा. फ्रिजवर, लाईट बिलाच्या खाली. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला, त्यावर हाफ पॅंट घातलेला एक परदेशी माणूस पलंगावर पाय वर करून पडलेला. आईंनी तो कागद पहिल्या दिवशी बघितला, हसल्या आणि ठेवून दिला. करून दाखवलं कुणीच नव्हतं. तुम्ही खाली झोपता की कॉटवर, खाली झोपलात तर उठता येतं का, हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

भाची त्या सेंटरवाल्यांवर चिडली नाही, याचंच मला नवल वाटलं. ती म्हणाली, "मामी, अगं आम्हाला कॉलेजात हेच पहिल्यांदा शिकवतात. जे करतोस त्याला पुरावा काय? मग नोकरीला लागलं की पुरावा राहतो पुस्तकात आणि हातात राहतं मशीन."

पुरावा हा शब्द मला कोर्टातला वाटायचा. पण या क्षेत्रात गेली तीसेक वर्षं याच शब्दावर मोठं काम झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला काही फिजिओथेरपिस्टनी 1999 साली 'पेड्रो' नावाचा एक संग्रह सुरू केला. जगभरात फिजिओथेरपीवर जे जे प्रयोग होतात, त्यांची नोंद एका ठिकाणी ठेवायची, प्रयोग नीट केलाय की घाईगर्दीत, त्याला दहापैकी गुण द्यायचे, आणि हे सगळं कुणालाही फुकट बघता यावं अशी सोय करायची. आज त्यात 60 हजारांहून अधिक नोंदी आहेत. म्हणजे कशानं उपयोग होतो आणि कशानं नाही, हे आता 'आमच्या गुरुजींनी सांगितलं' एवढ्यावर राहिलेलं नाही. बघायचं म्हटलं तर बघता येतं.

गुडघ्याचंच घ्या. वयानुसार झिजलेल्या गुडघ्यांसाठी ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं 2022 साली डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. त्यात पहिला मान व्यायामाला. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, जोडीला चालणं, वजन जास्त असेल तर कमी करणं. आणि आपण ज्यासाठी पॅकेज घेतो ती मशीनं? अल्ट्रासाउंड म्हणजे ते जेलचं, करंटचं, लेझरचं, झिजलेल्या गुडघ्यासाठी ही देऊ नका, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटली. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत गुडघा थोडा जास्त दुखू शकतो, पण नियमानं करत राहिलं तर फायदाच होतो, हे रुग्णाला आधीच सांगा, अशी सूचना आहे. आपल्याकडे नेमकं इथंच घोडं पेंड खातं. दोन दिवस केलं, दुखलं, "मला नाही बाई मानवत" म्हणून सोडून दिलं.

व्यायामानं चमत्कार होतो असंही नाही. 2024 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं गुडघ्याच्या व्यायामावरचे 139 प्रयोग, बारा हजारांवर माणसं, सगळं एकत्र करून तपासलं. दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते, पण फरक बेताचा असतो, असंच त्यातून निघालं. कुणाला पुष्कळ, कुणाला थोडा. 'पंधरा दिवसांत गुडघेदुखीपासून मुक्ती' अशा पाट्या लावणाऱ्यांनी हे वाचायला हवं. पण बेताचा का होईना, जो फरक पडतो तो आपल्या पायातल्या ताकदीनं पडतो आणि त्याला रिक्षा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण मशीन लावल्यावर बरं वाटतं ना! वाटतं. आईंनाही वाटायचं, त्या काही खोटं बोलत नव्हत्या. पण बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे. तो शोधून काढण्यासाठी संशोधक काय करतात, तर निम्म्या माणसांना खरं मशीन लावतात आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, दिवा लागणारं, पण आतून बंद असलेलं. कुणाला कुठलं, ते रुग्णाला माहीत नसतं. बंद मशीनवाल्यांनाही तेवढंच बरं वाटलं, तर समजायचं काय ते.

अमेरिकेत ह्यूस्टनला एका डॉक्टरांनी तर ही गोष्ट ऑपरेशनच्या बाबतीत केली. 2002 सालची. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली सफाई करण्याचं ऑपरेशन तेव्हा जोरात होतं. त्यांनी 180 रुग्ण घेतले. काहींची खरी सफाई केली, काहींचा सांधा फक्त धुतला आणि काहींना नुसत्या कातडीवर चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. रुग्णांनी आधी लेखी संमती दिली होती, फसवणूक नव्हती. दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. तिन्ही गटांत दुखण्यात आणि चालण्यात फरक म्हणून नाही! ज्यांच्या गुडघ्यात कुणी हातही घातला नव्हता, तेही "ऑपरेशननं आराम पडला" म्हणत होते. हे भाचीनं सांगितलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला बरं वाटायचं ते त्या पोरीच्या गोड बोलण्यानं असेल."

कमरेची तर कथाच वेगळी. कंबर धरली की आपल्या घरात पहिला हुकूम सुटतो, "झोपून राहा, हलू नको." मग मेडिकलमधून पट्टा येतो. नाहीच राहिलं तर कुणीतरी सांगतं, "वजन लावून घे, मणक्यातला गॅप भरतो." फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर 1995 साली एक प्रयोग छापून आला. अचानक कंबर धरलेल्या 186 जणांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस सक्तीची विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे खास व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं, जेवढं झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सगळ्यांत मागे राहिले झोपून राहिलेले. म्हणजे पहिल्या दिवसांत व्यायामाचीसुद्धा घाई नको. फक्त खाटेला खिळून राहू नका. अशी धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच सुटते. त्या दिवसांत जे काही केलं, मग तो शेक असो, पट्टा असो की अंगारा, श्रेय त्याला जातं.

आणि जी कंबर तीन-तीन महिने सुटतच नाही, तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच सूचना काढल्या. व्यायाम करा, नीट समजावून सांगा, हे करण्याच्या यादीत. कमरेचा पट्टा, वजन लावणं, अल्ट्रासाउंड हे सरसकट न करण्याच्या यादीत. आपल्या गावात पट्टा न बांधलेली मावशी दाखवा बरं मला!

एक मात्र लक्षात ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद जात चालली, ताप येतोय, वजन उतरतंय किंवा पडल्यानंतर दुखतंय, तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि मशीन म्हटलं की सगळं थोतांड असंही नाही. ऑपरेशननंतर किंवा अर्धांगवायूनंतर मशीनचा उपयोग होण्याच्या जागा आहेत. प्रश्न एवढाच की माझ्या दुखण्यात याचा उपयोग होतो का.

मग हे सगळं माहीत असताना सेंटरमध्ये मशीनच का? 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून तपासलं, तेव्हा शिफारस केलेले उपचार देणारे फिजिओथेरपिस्ट साधारण निम्मेच निघाले. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. पण भाचीनं जे सांगितलं ते आपल्याकडचंच आहे. ती नवीन होती तेव्हा एका काकूंना तिनं मशीन न लावता अर्धा तास व्यायाम शिकवला. काकू पैसे देताना म्हणाल्या, "नुसतं ऊठ-बस करायचे पैसे? ते तर मी घरीपण करीन." दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत, समोरच्या सेंटरला गेल्या, तिथं मशीन होतं. बँकेचं कर्ज काढून मशीन घेणाऱ्याला ते वापरावं लागतं हे खरं, पण मशीनशिवाय बाईला उपचार झाल्यासारखं वाटत नाही, हेही तेवढंच खरं. गोळी-इंजेक्शनचं तसंच नाही का? इंजेक्शन न देणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटत नाही.

आणि अजून एक कारण आहे, ते कुठल्या संशोधनात मी वाचलं नाही, बाकड्यावर बसून कळलं. तिसऱ्या पॅकेजवाल्या त्या बाई मला म्हणाल्या, "खरं सांगू का ताई, तिथं अर्धा तास पडायला मिळतं. पडदा ओढलेला असतो. कुणी हाक मारत नाही." घरी सकाळी पाचला उठून डबे, मग सासऱ्यांचं पथ्य, मग दुकानात गल्ल्यावर बसणं. त्यांच्या दिवसातला तो एकच अर्धा तास असा, ज्यात त्या आडव्या होतात आणि कुणीतरी त्यांना विचारतं, "दुखतंय का?" त्या बाईला तुम्ही कागद देऊन सांगा, घरी रोज वीस मिनिटं व्यायाम करा. कुठली वीस मिनिटं?

म्हणूनच डेव्हिड सॅकेट या कॅनडातल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं. पुराव्यावर आधारलेले उपचार म्हणजे काय, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली लिहिलं, त्यात नुसतं संशोधन नाही. संशोधन, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची परिस्थिती, तिला काय हवंय, हे तिन्ही लागतं. पहिली दोन त्यांच्याकडे असतात. तिसरं सांगायचं काम आपलं, आणि आपण तेच सांगत नाही. "मॅडम, मला खाली बसून भाकरी थापाव्या लागतात." "आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा आहे." "मला सकाळी वेळच नाही, दुपारी तीनला दहा मिनिटं मिळतील." हे न सांगता आपण मान हलवून कागद घेऊन येतो. यातलं बरंचसं संशोधन खुर्ची-टेबलाच्या देशांत झालेलं. खाली बसणाऱ्या बाईला ते कसं लागू करायचं, हे समोरच्या फिजिओनं डोकं लावून ठरवायचं, पण तिला माहीत तर पाहिजे!

एकीकडे ज्याचा पुरावा नाही ते आपण पैसे मोजून घेतो, आणि ज्याचा भक्कम पुरावा आहे त्याचं नावही काढत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जाणं. दोन बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये विचारून बघा, म्हणजे विचारता आलं तर. "वय झालं की व्हायचंच" म्हणून आपण लग्नकार्याला जाणं टाळतो, गडद रंगाच्या साड्या नेसतो, घसा कोरडा पडला तरी पाणी कमी पितो. यावर फिजिओथेरपीत उपाय आहे. लघवी रोखताना जे आतले स्नायू आपण आवळतो, ते आवळायचा आणि सैल सोडायचा व्यायाम. मात्र लघवी करत असताना नव्हे, एरवी. कॉक्रेननं 2018 मध्ये 31 प्रयोगांमधल्या 1817 बायकांचा एकत्र अभ्यास केला. खोकला-शिंकेनं लघवी जाणाऱ्या बायकांमध्ये, हा व्यायाम केलेल्या शंभरांतल्या 56 जणींनी आमचा त्रास गेला असं सांगितलं. न केलेल्यांमध्ये शंभरांत सहा. एवढा फरक, ना गोळी, ना चिरफाड! दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ वेळा, निदान तीन महिने. बरोबर स्नायू आवळला जातोय का हे एकदा जाणत्या फिजिओकडून तपासून घ्यायला हवं, कारण पुष्कळ जणी पोटच आवळतात. आता सांगा, आपल्या गावातल्या किती सेंटरच्या पाटीवर हे लिहिलेलं असतं? गुडघा, कंबर, मान, लकवा, सगळं असतं. हे नसतं. आपण विचारत नाही म्हणून ते लिहीत नाहीत, ते लिहीत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही.

तर विचारायचं. पहिल्याच दिवशी, पॅकेजचे पैसे भरायच्या आधी. माझ्या दुखण्यात या मशीनचा उपयोग होतो असं दिसलंय का? मी घरी काय करायचं, ते करून दाखवाल का आणि मी करताना बघाल का? किती दिवसांनी फरक दिसायला हवा, नाही दिसला तर पुढे काय? चांगला फिजिओ अशा प्रश्नानं चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं, असं भाचीचं म्हणणं. चिडला तर तेही उत्तरच. नोंदणी आहे का, हेही विचारायला लाजू नका. फिजिओथेरपी ही पदवी आहे, आपल्या राज्यात तिची परिषद आहे, आणि 2021 पासून देशपातळीवर कायदाही आहे. मंगल कार्यालयात गरम बिछान्यावर फुकट झोपवणारी शिबिरं लावून शेवटी महागडा बिछाना गळ्यात मारणारे वेगळे, आणि साडेचार वर्षं शिकलेली ही मुलं वेगळी. शेजारणीचा गुण आला म्हणून तिचाच व्यायाम आपण करायचा, हेही नको. तिचा गुडघा तिचा.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. भाचीनं कागद फाडून टाकला आणि आजीला तीनच गोष्टी दिल्या. खुर्चीतून न धरता उठणं-बसणं, खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरणं, आणि ओट्याला धरून टाचा वर उचलणं. पलंग नको, चटई नको. वेळ कोणती, तर कुकर लावल्यापासून शिट्ट्या होईपर्यंत. त्या वेळी आई नाहीतरी स्वयंपाकघरातच असतात, मला सूचना करत. पहिला आठवडा दुखलं. आईंनी भाचीला फोन लावून चांगलं सुनावलं. तिनं वेळा कमी केल्या, बंद केल्या नाहीत. दर रविवारी फोनवर विचारायची. मला वाटतं, ते विचारणंच निम्मं काम करत होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तीस सेकंद लावली. अकरा. गुडघा अजून दुखतो, थंडीत तर जास्तच. पण मारुतीच्या देवळाच्या नऊ पायऱ्या आता कठड्याला न धरता चढतात. परवा शेजारच्या वहिनी त्यांना विचारत होत्या, "काकू, कुठल्या सेंटरला जाता हो?" आई म्हणाल्या, "आमच्या कुकरच्या. सकाळी ये, तुलाही शिकवते. पण पैसे आधी ठेव हो, फुकटचं कुणी करत नाही."